शंतनुराव किर्लोस्कर आणि परदेशची बाजारपेठ

कऱ्हाडे ज्ञातीत शास्त्री-पंडित झाले, वकील-मामलेदार झाले, कवी आणि नाटककारही झाले. परंतु लोखंडाचा रस करून त्यावर आपले नाव उमटविणारे घराणे म्हटले म्हणजे किर्लोस्करांचेच प्रथम डोळ्यांपुढे येते. त्या घराण्यातील लक्ष्मणरावांचे चरित्र आपल्या घरोघरी परिचयाचे आहे. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव शंतनुराव यांच्याविषयी मात्र, मोठे कारखानदार होते, यापलीकडे नव्या पिढीस फारशी माहिती असल्याचे दिसत नाही. म्हणून त्यांच्या आयुष्यातील एका विशेष अंगाचा, म्हणजे येथे घडविलेली शेतीची यंत्रे परमुलखातील शेतकऱ्यांस विकण्याच्या उद्योगाचा, परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. पंचवटीतील वाचकांस हा विषय परका वाटू नये. आपल्या जिल्ह्यातील द्राक्षे समुद्रापार जातात, आणि २०१० साली औषधाचा अंश सापडल्यावरून युरोपात माल नाकारला गेला तेव्हा परदेशचे गिऱ्हाईक किती कडक असते, याचा अनुभव दिंडोरी-निफाडच्या बागाईतदारांनी घेतलेला आहे.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. लक्ष्मणराव त्या वेळी बेळगावात होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी तेथे सायकलींचे दुकान काढले होते आणि त्यातूनच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांकडे ते वळले होते. लोखंडी नांगर तोवर विलायतेहून येत असे. म्हणजे शेतीच्या यंत्रांची परदेशी निर्यात ही गोष्ट आपल्याकडे प्रथम दिसली ती घेणाऱ्याच्या बाजूने. इंग्रज कारखानदार विकणारा, आणि आपला शेतकरी गिऱ्हाईक. विलायती कारखानदाराने आपल्या जमिनीचा, बैलांच्या ताकदीचा किंवा खेड्यातील लोहाराच्या हातोटीचा विचार करावा असे त्याला कारण नव्हते. तो विचार लक्ष्मणरावांनी केला. तरीही लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने त्यांचे पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. वादविवादाने समजूत जात नाही, नांगर प्रत्यक्ष रानात चालवून दाखवावा लागतो आणि तो मोडला तर दुरुस्त करून द्यावा लागतो, हा धडा त्या दोन वर्षांत किर्लोस्करांच्या घरात शिरला. पुढे पन्नास वर्षांनी मुलाने तोच धडा परक्या देशांत गिरविला, असे म्हणावयास हरकत नाही.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेपायी सोडावी लागली आणि औंधाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळावर किर्लोस्करवाडी वसली. शंतनुराव त्या वेळी सात वर्षांचे होते. निवडुंगाने माजलेला तो माळ आणि त्यावर उभी राहिलेली कारखान्याची छपरे हेच त्यांचे बाळपणाचे घर. त्यांनी उतारवयात लिहिलेल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात निवडुंग आणि गुलाब ही दोन्ही झाडे आली आहेत, ती उगाच नव्हेत. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. आपल्या ज्ञातीतील पुष्कळांस त्या काळी तो रुचला नसेल, पण भट्टीपुढे काम करणाऱ्या माणसाचे मोल जातीने ठरत नाही, हे मुलाने लहानपणीच पाहिले.

पहिल्या महायुद्धात विलायती माल येणे थांबले आणि वाडीच्या नांगरास एकदम मागणी आली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. १९२२ साली शंतनुराव अमेरिकेस गेले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून १९२६ साली यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. परतल्यावर त्यांनी मुंबईची किंवा सरकारची मानाची नोकरी पत्करली नाही. ते पुन्हा वाडीच्या माळावर आले. त्याच सुमारास तेथे पंप होऊ लागले होते. पुढील वीस वर्षांत उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, लोखंडी फर्निचर, लेथ असा नाना तऱ्हेचा माल वाडीने काढला. त्याचा सविस्तर इतिहास येथे सांगत बसण्याचे कारण नाही.

१९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. शंतनुरावांच्या आयुष्याचा मुख्य भाग येथून सुरू होतो. पण दोनच वर्षांनी, १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीस आग लावण्यात आली. त्या दिवसांची झळ आपल्यापैकी कित्येक कुटुंबांच्या घरादारांसही पोहोचली होती. पुष्कळांनी त्यानंतर गाव कायमचे सोडले. किर्लोस्करांनी वाडी सोडली नाही. जळालेला कारखाना पुन्हा उभा केला आणि त्यात पूर्वीप्रमाणे सर्व जातींची माणसे कामास राहिली. या एका गोष्टीचा मला स्वतःला त्यांच्या साऱ्या मानसन्मानांहून अधिक अभिमान वाटतो.

खडकीस जे इंजिन तयार होऊ लागले ते ब्रिटनमधील पेटर इंजिनांच्या धर्तीचे होते. त्यातील ए-व्ही-१ या नावाचे पाच अश्वशक्तीचे इंजिन आपल्यापैकी शेती असलेल्यांनी विहिरीच्या काठी पाहिलेच असेल. उभे, एकाच सिलिंडरचे, पाण्याने थंड राहणारे, मिनिटास पंधराशे फेरे घेणारे असे ते साधे यंत्र. सिलिंडरचा व्यास ऐंशी मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव एकशे दहा. वीज खेड्यांत पोहोचण्यापूर्वी मोटेचे बैल सुटले ते अशाच इंजिनांमुळे. गोदाकाठच्या मळ्यांतून त्याचा एकसुरी ठोका पहाटेपासून ऐकू येत असे.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या काळात देशातच इंजिनांस इतकी मागणी होती की, परदेशी माल विकावयास जाण्याची गरज कोणासही भासू नये. आयातीवर बंधने असल्याने प्रतिस्पर्धी नव्हता. गिऱ्हाईक पैसे भरून वाट पाहत बसे. पुष्कळ कारखानदार या स्थितीत सुखावले. शंतनुराव सुखावले नाहीत. ज्या मालाला स्पर्धा नाही त्याचा कस लागत नाही, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. आग्नेय आशिया, पश्चिम आशिया आणि आफ्रिका येथील शेतकरीही नदीचे वा विहिरीचे पाणी उपसतो, त्याच्याकडेही वीज नाही, त्याचाही खिसा आपल्या शेतकऱ्याइतकाच. मग आपल्या शेतावर चाललेले इंजिन त्याच्या शेतावर का चालू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हिशेब सरळ असला तरी मार्ग सरळ नव्हता. त्या देशांतून ब्रिटिश आणि जर्मन इंजिनांचा जम बसलेला होता. पुढे जपानी इंजिनेही आली. हिंदुस्थानातून ताग, चहा, कापड यावे, हे तेथील व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडले होते. हिंदुस्थानचे इंजिन म्हटले म्हणजे त्यांच्या कपाळास आठी पडे. एका परीने लोखंडी नांगराने जमीन विषारी होते म्हणणाऱ्या शेतकऱ्याचाच हा नवा अवतार, फरक इतकाच की, येथे विष लोखंडात नसून देशाच्या नावात होते. आणि एक खराब इंजिन गेले तर केवळ एका कारखान्याचे नव्हे, मागून येणाऱ्या प्रत्येक भारतीय कारखान्याचे दार लागणार होते.

परदेशी इंजिन विकणे म्हणजे पेटी बोटीवर चढविणे नव्हे. समुद्रावरील खाऱ्या हवेने उघडा भाग गंजू नये म्हणून त्यावर तेलाचे लेप द्यावे लागतात, लाकडी पेटी धक्क्यावर आपटली तरी आतला माल हलू नये असा बंदोबस्त करावा लागतो. तेथे पोहोचल्यावर खरी परीक्षा सुरू होते. डिझेल गाळलेले नसते, वंगण वेळेवर बदलले जात नाही, पाच अश्वशक्तीच्या इंजिनावर सातचा भार लादला जातो. दट्ट्याची एखादी कडी झिजली आणि ती हंगामात चार दिवसांत मिळाली नाही, तर शेतकऱ्याचे पीक वाळते आणि तो त्या इंजिनाचे नाव पुन्हा घेत नाही. म्हणून सुटे भाग ठेवणारा दलाल, ते बसविणारा मिस्त्री आणि तक्रार ऐकून घेणारा कारखाना ही साखळी जो जोडतो त्याचाच माल टिकतो. किर्लोस्करांचे पंप आणि इंजिने परदेशांतून टिकली त्याचे कारण स्वस्ताई एवढेच नव्हते, ते या साखळीत आहे. इजिप्तमध्ये पाणी उपसण्याचे हिंदी इंजिन शेतकऱ्यांत किर्लोस्कर याच नावाने ओळखले जाऊ लागले. केनिया आणि मलेशिया या देशांत तर त्यांच्या नावाच्या कंपन्याच निघाल्या.

६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते ते ७ रुपये ५० पैसे पडू लागले. परदेशी गिऱ्हाइकास आपला माल त्यामुळे स्वस्त झाला, पण बाहेरून आणावयाचा कच्चा माल आणि यंत्रे तितकीच महाग झाली. पाठोपाठ दोन वर्षे दुष्काळ व मंदी आली आणि देशातील अभियांत्रिकी कारखान्यांचा माल पडून राहू लागला. तेव्हा कोठे पुष्कळांना परदेशची आठवण झाली. ज्यांनी देशात मागणी असतानाच बाहेर ओळख करून ठेवली होती, त्यांस ती वेळ कमी जड गेली. निर्यात ही उरलेला माल काढून टाकण्याची मोरी नव्हे, हे त्या दोन वर्षांनी दाखविले.

शंतनुरावांस १९६५ साली पद्मभूषण मिळाले आणि त्याच सुमारास फेडरेशन ऑफ इंडियन चेंबर्स या अखिल भारतीय संस्थेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्या व्यासपीठावरून परवान्यांवर आणि नियंत्रणांवर त्यांनी जी टीका केली ती पुष्कळांस बोचली. उद्योगपतीने स्वतःच्या नफ्याचे समर्थन इतक्या उघडपणे करावे, हे समाजवादाच्या त्या वातावरणात अनेकांना प्रशस्त वाटले नाही. कामगारांच्या आणि गरिबांच्या बाजूचा विचार त्यांच्या मांडणीत अपुरा येतो, असे आजही वाटते. परंतु सरकारदरबारी एक आणि घरात एक बोलणाऱ्यांच्या काळात ते एकच बोलत, एवढे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल. १९६९ च्या मक्तेदारी कायद्यानंतर मोठ्या उद्योगसमूहांस विस्तारासाठी सरकारची अनुमती लागू लागली, आणि त्यांचे बोलणे आणखी तिखट झाले.

परदेशी व्यापाराने त्यांस उतारवयात एक कटू प्रसंगही दाखविला. वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास, परकीय चलन नियमन कायद्याखालील आरोपावरून त्यांस अटक झाली. आपल्या स्मरणिकेत असल्या गोष्टी लिहू नयेत, असे काही ज्येष्ठांचे मत पडेल; पण चरित्र लिहावयाचे तर ती टाळता येत नाही. १९७३ चा तो कायदा असा होता की, परदेशी व्यवहार करणाऱ्यास फौजदारी गुन्ह्याची टांगती तलवार डोक्यावर घेऊनच वावरावे लागे. १९९९ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला आणि अशा बाबी मुख्यत्वे दिवाणी स्वरूपाच्या ठरविल्या. शंतनुराव तो बदल पाहावयास राहिले नव्हते. १९९१ साली परवानापद्धतीचा मोठा भाग गेला, तो मात्र त्यांनी पाहिला.

पुणे येथे २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, २००३ साली, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. त्याच वर्षी किर्लोस्कर ब्रदर्सने इंग्लंडमधील रेडिंग येथील एस. पी. पी. पंप्स ही पंप बनविणारी कंपनी विकत घेतली. लक्ष्मणरावांच्या तरुणपणी नांगर ज्या देशातून बोटीने येत असत, तो हाच देश.