काशीबाई कानिटकर

आज स्त्रियांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या घरोघरी वाचल्या जातात व त्यांत कोणालाही नवल वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील स्थिती अगदी निराळी होती. मुलीने हाती पुस्तक धरले तर घरावर काही तरी अरिष्ट कोसळेल, तिच्या कपाळी वैधव्य येईल, अशी समजूत समाजात खोलवर रुजलेली होती. अशा काळात ज्या स्त्रीने स्वतः अक्षरे गिरविली आणि पुढे मराठीत कादंबरी लिहून ती लोकांपुढे ठेवली, तिचे नाव काशीबाई कानिटकर.

काशीबाईंचा जन्म 20 जानेवारी 1861 रोजी सध्याच्या सांगली जिल्ह्यातील आष्टे ह्या गावी एका संपन्न घराण्यात झाला. घरात कशाची उणीव नव्हती. उणीव होती ती एवढीच, की मुलीने शाळेत जावे असे कोणाच्या मनातही येत नसे. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षीच त्यांचा विवाह झाला. त्यांचे पती गोविंद वासुदेव कानिटकर हे विद्याव्यासंगी व काव्याचे भोक्ते होते. इंग्रजी काव्य-नाटकांचा त्यांना मोठा नाद होता. आपली पत्नीही शिकलेली असावी, अशी त्यांची इच्छा होती.

इच्छा करणे सोपे, परंतु ती पार पाडणे कठीण होते. एकत्र कुटुंबात सुनेचा दिवस कामात जाई, आणि पुस्तक हाती घेतलेली सून वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत सलत असे. तरीही काशीबाईंनी जिद्द सोडली नाही. शाळेचे तोंडही न पाहता, मिळेल तो वेळ सार्थकी लावून त्या मराठी वाचू-लिहू लागल्या. पुढे त्यांनी संस्कृत व इंग्रजी ह्या भाषांचाही अभ्यास केला. पुण्यात मुलींसाठी हुजूरपागेची शाळा 1884 मध्ये निघाली, तेव्हादेखील मुलींना उच्च शिक्षण देण्यास विरोध करणारी मोठमोठी माणसे होती. त्याच्या कितीतरी आधीच काशीबाईंनी घरच्या घरी आपली शाळा भरविली होती. त्या शाळेत विद्यार्थिनीही त्याच होत्या आणि पुष्कळदा शिक्षिकाही त्याच.

1881 मध्ये ‘सुबोधपत्रिके’त त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. पूर्वीच्या व त्या काळच्या स्त्रिया हा त्याचा विषय होता. निबंध छापून आल्याने त्यांना धीर आला. परंतु खरी कसोटी पुढेच होती. आता त्यांनी कादंबरी लिहावयास घेतली. तिचे नाव ‘रंगराव’.

मराठीत कादंबरी हा प्रकारच तेव्हा नवा होता. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी 1857 मध्ये निघाली, तिला अजून तीस वर्षेही झाली नव्हती. स्त्रीने लिहिलेल्या कादंबऱ्या तर जवळजवळ नव्हत्याच. साळूबाई तांबवेकरांसारखे एखादेच नाव सांगता येई. शिवाय कादंबऱ्या बहुधा मासिकातून प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होत. ग्रंथ पूर्ण करून मग लोकांपुढे ठेवण्याची सोय त्यात नव्हती. पहिले प्रकरण वाचकांच्या हाती पडले की त्याची परीक्षा लगेच सुरू होई आणि लेखकाला त्या परीक्षेतच पुढची प्रकरणे लिहावी लागत. त्यातून लेखिका स्त्री असेल, तर परीक्षा दुहेरी. लिखाण वाईट ठरले तर स्त्रियांना हे जमणारच नाही असे लोक म्हणत, आणि चांगले ठरले तर ते घरातील पुरुषानेच लिहिले असावे असा संशय घेत. म्हणजे यश आणि अपयश ही दोन्ही तिच्या विरुद्धच साक्ष देत!

हे सारे जाणूनही काशीबाईंनी आपले लिखाण छापावयास दिले. ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ ह्या मासिकातून 1886 पासून ‘रंगराव’ प्रसिद्ध होऊ लागली. परंतु ती पुस्तकरूपाने वाचकांच्या हाती येण्यास 1903 साल उजाडावे लागले. पहिल्या कादंबरीसाठी सतरा वर्षे वाट पाहणे ही लहान गोष्ट नव्हे. एखाद्याने निराश होऊन लेखणी खाली ठेवली असती.

काशीबाईंनी तसे केले नाही. भारतातील पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी 1887 मध्ये अकाली निवर्तल्या, तेव्हा त्यांची पत्रे व इतर माहिती मिळवून काशीबाईंनी त्यांचे चरित्र लिहिले. हे चरित्र 1889 मध्ये प्रसिद्ध झाले आणि वाचकांनी त्याचे उत्तम स्वागत केले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे लिहिलेले ते चरित्र आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. त्याच वर्षी मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून गेल्या, त्यांत पंडिता रमाबाईंप्रमाणेच काशीबाईही होत्या.

थोर कादंबरीकार हरि नारायण आपटे ह्यांचा काशीबाईंशी बहीण-भावासारखा स्नेह होता. दोघांमध्ये वाङ्मयासंबंधी पत्रव्यवहार चाले. त्या पत्रव्यवहाराचे पुस्तक काशीबाईंनी पुढे 1929 मध्ये प्रसिद्ध केले. त्यापूर्वी, 1928 मध्ये, त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी निघाली होती. स्त्रियांच्या हाती कारभार असलेल्या एका काल्पनिक संस्थानाचे चित्र तिच्यात आहे. ती प्रसिद्ध झाली तेव्हा काशीबाईंचे वय सदुसष्ट वर्षांचे होते. ज्या मुलीला अक्षर वाचण्याचीही मोकळीक नव्हती, तिने उतारवयात स्त्रियांच्या राज्याची कल्पना रंगवावी, हा केवढा लांबचा प्रवास!

30 जानेवारी 1948 रोजी काशीबाईंचे निधन झाले. तोवर लिहिणाऱ्या स्त्रियांची एक पिढीच महाराष्ट्रात उभी राहिली होती. आपले लिखाण लोक स्वीकारतील की नाही, ही शंका प्रत्येक नव्या लेखकाच्या मनात असतेच. काशीबाईंच्या वाट्याला ती अनेक पटींनी आली होती. परंतु लोकांच्या निर्णयाची वाट पाहत त्या हात बांधून बसल्या नाहीत. त्या लिहीत राहिल्या, आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांची वाट सोपी झाली.