स्नायूंची ऊब मोजणारा शास्त्रज्ञ : आर्चिबाल्ड हिल

थंडीत सकाळच्या पी.टी.ला मुलं आधी जड पावलांनी पळतात, अन् दोन फेऱ्यांनंतर तीच मुलं सुसाट सुटतात. उन्हाळ्यात भर दुपारी मात्र लगेच दमतात. असं का बरं होतं? स्नायू आणि उष्णता यांचं हे नातं उलगडण्यात आर्चिबाल्ड विवियन हिल यांचं आयुष्य गेलं.

हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. ते लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आईनेच त्यांना वाढवलं, शिकवलं. केंब्रिजला त्यांनी गणितात नाव कमावलं. पण शिक्षक वॉल्टर फ्लेचर यांच्या सांगण्यावरून ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. शिकलेलं गणित इथेही कामी आलं.

बेडकाचा स्नायू एकदा आकुंचन पावला, की जेमतेम ०.००३ अंश सेल्सिअसने तापतो. एवढीशी ऊब हिल यांनी नाजूक उपकरणाने मोजली. त्यांना दिसलं, की काम थांबल्यावरही स्नायू काही मिनिटे उष्णता देत राहतो आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो. म्हणजे विश्रांतीच्या वेळी स्नायू झालेली झीज भरून काढत असतो! या शोधासाठी त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक ऑटो मायरहोफ यांच्यासोबत मिळाले.

पुढे त्यांनी शून्य अंशावर ठेवलेल्या स्नायूंवरही प्रयोग केले. गार स्नायू सावकाश आखडतो आणि सावकाशच सैल होतो. ऊब मिळाली की तो चपळ होतो. म्हणून पळण्याआधी अंग गरम करायचं. पण उन्हात शरीराला स्वतःला थंड ठेवण्यासाठी त्वचेकडेही जास्त रक्त पाठवावं लागतं. हृदयावर ताण येतो, घाम जातो आणि थकवा लवकर येतो.

हिल नुसते प्रयोगशाळेत रमले नाहीत. १९३३ नंतर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या शास्त्रज्ञांना त्यांनी आधार दिला. १९४३-४४ मध्ये भारतात येऊन इथल्या विज्ञान संशोधनावर अहवाल लिहिला. ३ जून १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

तेव्हा शिक्षक-पालकहो, थंडीत मुलांना एकदम पळायला लावू नका, उन्हात सावली आणि पाणी द्या. आणि दमून बसलेल्या पोराला लगेच आळशी म्हणू नका. त्याचे स्नायू तेव्हाही कामच करत असतात.