बुटांना आणि जॅकेटला नाव दिलं, म्हणून ऑलिम्पिक चॅम्पियनलाच शर्यतीतून बाहेर काढलं

तारीख 26 जानेवारी 1956. इटलीतल्या कोर्तिना या डोंगरातल्या गावात हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं. इटलीत पहिल्यांदाच ऑलिम्पिक भरत होतं, युरोपातल्या अनेक देशांत ते टीव्हीवर थेट दिसणार होतं. त्या दिवशी एक माणूस हातात ऑलिम्पिकची ज्योत धरून तोफाना डोंगराच्या उतारावरून स्कीइंग करत खाली कोर्तिनात आला.

त्याचं नाव झेनो कोलो. चार वर्षांपूर्वी याच ऑलिम्पिकमध्ये डाउनहिलचं सुवर्णपदक त्यानेच जिंकलं होतं.

ज्योत आणण्याचा मान त्याला मिळाला, पण शर्यतीत उतरायची परवानगी नव्हती. त्याने ना उत्तेजक घेतलं होतं, ना कुठे फसवणूक केली होती. त्याच्या नावाचे स्कीइंगचे बूट आणि जॅकेट बाजारात विकले जात होते, एवढाच काय तो गुन्हा.

आता हे सगळं घडलं कसं, ते बघू.

झेनोचा जन्म 30 जून 1920 चा. इटलीतले बहुतेक मोठे स्कीपटू उत्तरेकडच्या आल्प्समधले, हा मात्र टस्कनीचा. टस्कनी म्हटलं की द्राक्षांचे मळे आणि फ्लॉरेन्स आठवतं, पण त्याच प्रांताच्या वरच्या टोकाला अपेनाइन पर्वतरांगेत आबेतोने नावाची खिंड आहे. उंची साधारण 1388 मीटर, भोवती सूचिपर्णी झाडांचं दाट जंगल आणि हिवाळ्यात भरपूर बर्फ. झेनो इथलाच. गंमत म्हणजे 1920 मध्येच याच आबेतोनेत चेलिना सेगी नावाची मुलगी जन्मली आणि तीही पुढे इटलीची मोठी स्कीपटू झाली. एवढ्याशा गावातून एकाच वर्षी दोन चॅम्पियन!

पोरगा वेगवान आहे हे लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं आणि पंधराच्या आसपास वय असताना तो राष्ट्रीय संघात पोचला. पण स्कीपटूसाठी सगळ्यात महत्त्वाची, विशीच्या सुरुवातीची वर्षं आली तेव्हा दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. स्पर्धा बंद पडल्या. झेनो सैन्याच्या स्की तुकडीत होता. 1943 मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि जर्मन सैन्य देशात घुसलं, तेव्हा तो सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला गेला. युद्ध संपलं तेव्हा तो पंचविशीला आला होता. म्हणजे खरं करिअर सुरू व्हायलाच एवढा उशीर झाला.

आणि मग आलं 1947. मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या चेर्विनियामध्ये स्कीवरच्या वेगाची चाचणी होती. यात वळणं वगैरे काही नसतं. सरळ उतारावरून जितकं जोरात जाता येईल तितकं जायचं आणि ठरावीक पट्ट्यातला वेग मोजायचा. झेनोचा वेग भरला ताशी 159.292 किलोमीटर.

पायाला लाकडी स्की, चामड्याचे बूट, आणि डोक्यावर हेल्मेट नाही. ताशी 159 किलोमीटर वेगाने बर्फावर आपटल्यावर काय होईल याची कल्पनाही नको. हा विक्रम पुढची 13 वर्षं, म्हणजे 1960 पर्यंत टिकला. आजचे वेगवीर ताशी 250 च्या पुढे जातात, पण त्यांच्याकडे हवा कापणारे रबरी सूट, खास हेल्मेट आणि खास त्यासाठीच बनवलेल्या स्की असतात.

झेनोकडे होती फक्त शरीराची ठेवण. हवेचा अडथळा कमी करायचा तर शरीर लहान करायला हवं, हे त्याने ओळखलं होतं. गुडघे दुमडायचे, पाठ वाकवायची, छाती मांड्यांकडे न्यायची, अगदी अंड्यासारखा आकार. पुढे फ्रेंच स्कीपटूंनी या पवित्र्याचा नीट अभ्यास केला आणि 1960 मध्ये ज्याँ व्हुआर्नेने त्याच्या जोरावर डाउनहिलचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. आज प्रत्येक डाउनहिल स्कीपटू असाच वाकलेला दिसतो. झेनो हे बरंच आधी करत होता.

इथे डाउनहिल म्हणजे काय तेही सांगायला हवं. स्लॅलममध्ये जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी जायचं असतं, तिथे चपळाई लागते. जायंट स्लॅलममध्ये काठ्यांमधलं अंतर जास्त. डाउनहिलमध्ये फाटकं कमी, उतार लांब आणि वेग सगळ्यात जास्त. त्यामुळे यात कौशल्याइतकीच छाती लागते. झेनो डाउनहिलचा बादशहा होता, पण बाकीच्या दोन प्रकारांतही तो कच्चा नव्हता.

1948 च्या सेंट मॉरिट्झ ऑलिम्पिकमधून तो पदकाविना परतला. दोन वर्षांनी मात्र त्याने सगळी कसर भरून काढली. 1950 ची जागतिक स्पर्धा अमेरिकेतल्या ॲस्पेनला झाली, युरोपबाहेर पहिल्यांदाच. झेनोने डाउनहिलमध्ये सुवर्ण घेतलं. जायंट स्लॅलम या स्पर्धेत नव्यानेच आलं होतं, त्यातही सुवर्ण. स्लॅलममध्ये रौप्य. तीन शर्यती, तीन पदकं. त्याच स्पर्धेत चेलिना सेगीने महिलांच्या स्लॅलममध्ये कांस्य जिंकलं. आबेतोनेत त्या दिवसांत काय वातावरण असेल!

1952 मध्ये ऑस्लोचं ऑलिम्पिक आलं. डाउनहिलची शर्यत शहरापासून दूर नोरेफेल डोंगरावर होती. झेनो 31 वर्षांचा होता, त्याच्यापेक्षा लहान ऑस्ट्रियन पोरं जोरात होती. झेनोने 2 मिनिटं 30.8 सेकंदांत शर्यत संपवली. दुसरा आलेला ऑस्ट्रियाचा ओटमार श्नायडर त्याच्या 1.2 सेकंद मागे राहिला. अल्पाइन स्कीइंगमधलं इटलीचं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम, दोन्हींत तो चौथा आला.

इथून पुढे त्याच्या नावाला बाजारात किंमत आली आणि तिथेच घोटाळा झाला.

त्या काळी ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. खेळातून, किंवा खेळामुळे मिळालेल्या नावातून पैसा कमावला की तुम्ही व्यावसायिक, म्हणजे बाद. नियम ऐकायला उदात्त वाटतो. पण घरचं बरं असणाऱ्याला तो जाचत नव्हता, बाकीच्यांनी खायचं काय? स्कीइंगमध्ये तर हा वाद जुनाच होता. 1936 मध्ये स्कीइंग शिकवून पोट भरणाऱ्यांनाही व्यावसायिक ठरवून ऑलिम्पिकबाहेर ठेवलं होतं, म्हणजे जो डोंगरातच राहतो आणि स्कीइंगवरच जगतो, त्यालाच दार बंद.

झेनोने आपलं नाव बुटांच्या एका मॉडेलला आणि एका जॅकेटला दिलं होतं. 1954 च्या जागतिक स्पर्धेच्या वेळी हे प्रकरण तापलं आणि त्याला व्यावसायिक ठरवून अपात्र केलं गेलं. ॲस्पेनमधली विजेतेपदं राखायला त्याला उतरताच आलं नाही. दोन वर्षांनी घरच्या ऑलिम्पिकलाही तेच.

तो कोर्तिनात उतरला असता तर जिंकलाच असता का? खरं सांगायचं तर अवघड होतं. वय 35 झालं होतं आणि समोर ऑस्ट्रियाचा विशीतला टोनी सायलर होता, ज्याने तिथे तिन्ही शर्यती मारल्या. पण हरण्याची संधी तरी मिळायला हवी होती ना? इटलीने त्या ऑलिम्पिकमध्ये तीन पदकं जिंकली, तिन्ही बॉबस्लेमध्ये. अल्पाइन स्कीइंगमध्ये यजमानांच्या हाती काहीच लागलं नाही.

ज्योतीसाठी मात्र तो चालला. त्याने ती खाली आणली आणि शेवटी स्टेडियममध्ये ती स्पीड स्केटर गुइडो कारोलीच्या हातात होती. टीव्हीच्या केबलला अडखळून कारोली बर्फावर पडला, पण ज्योत विझली नाही. त्या उद्घाटनाचा किस्सा म्हणून आजही लोक हेच सांगतात.

शर्यती सुटल्यावर झेनो आबेतोनेतच राहिला. लोकांना स्कीइंग शिकवलं, तिथे स्कीचे उतार वाढवायला हातभार लावला. तो सिगारेट ओढायचा आणि तेही लपूनछपून नाही, जगज्जेता असतानाच्या फोटोंतही त्याच्या ओठात सिगारेट दिसते.

1980 च्या दशकात ऑलिम्पिकने व्यावसायिक खेळाडूंना दारं उघडायला सुरुवात केली. स्कीपटूंच्या हेल्मेटवर, सूटवर, स्कीवर कंपन्यांची नावं झळकू लागली. इटलीच्या महासंघाने झेनोवरचा ठपका पुसला तो 1989 मध्ये, म्हणजे बंदीनंतर 35 वर्षांनी. तेव्हा तो 69 वर्षांचा होता. 12 मे 1993 रोजी तो गेला.

डाउनहिलमधल्या पुढच्या ऑलिम्पिक सुवर्णासाठी इटलीला 2018 पर्यंत थांबावं लागलं, ते सोफिया गोज्जाने महिलांच्या शर्यतीत जिंकलं. चेलिना सेगी 2022 मध्ये गेली, वयाची शंभरी पार करून. आणि आबेतोनेला गेलात तर तिथल्या स्कीच्या उतारांच्या पाट्यांवर झेनो 1, झेनो 2, झेनो 3 अशी नावं दिसतात.