रेव्हरंड ना. वा. टिळक : माणसे जोडणारा कवी

मराठी काव्याच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आदराने घेतले जाते. कवी म्हणून ते सर्वपरिचित आहेत. परंतु महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळी मराठी मातीत रुजावी यासाठी झटणारे धर्मसेवक, ही त्यांची ओळखही तितकीच महत्त्वाची आहे. मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारा श्रद्धावंतांचा समुदाय. धर्मांतरामुळे ज्यांचे आप्तस्वकीय दुरावले, त्याच टिळकांनी पुढचे सारे आयुष्य माणसे जोडण्यात वेचले. त्यांच्या या जीवनप्रवासाचा परिचय प्रस्तुत पाठात तुम्हांला होईल.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई कवितेची आवड असणारी होती. तिच्या सहवासात बालपणीच त्यांच्या मनावर भक्तीचे आणि काव्याचे संस्कार झाले. वडील मात्र अतिशय तापट स्वभावाचे होते. आईच्या अकाली निधनानंतर नारायणाचे मन घरात रमेना. तो नाशिकला गेला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे त्याला संस्कृतचे शिक्षण मिळाले. पुढे 1880 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या.

टिळकांची वृत्ती अस्थिर होती. पोटासाठी शिक्षकाची व इतर कामे करीत ते गावोगाव फिरले. या भटकंतीतही एक प्रश्न त्यांच्या मनाला सतत टोचत असे. माणसामाणसांत भेद मानणारी जातिव्यवस्था ईश्वराला मान्य असेल काय, हा तो प्रश्न होता. सर्वांना समान मानणाऱ्या धर्माचा ते शोध घेत होते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. बराच वेळ संभाषण झाल्यावर त्या गृहस्थाने त्यांना बायबलमधील ‘नवा करार’ भेट दिला. येशू ख्रिस्ताचे डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक भारावून गेले. मनातील अनेक प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे सापडली. दीर्घ विचारमंथनानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची फार मोठी किंमत त्यांना मोजावी लागली. त्या काळी धर्मांतर म्हणजे केवळ उपासनापद्धतीतील बदल नव्हता. जात, घर आणि नातीगोती या साऱ्यांपासून तुटणे होते. लक्ष्मीबाईंवर तर आभाळच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पतिपत्नींचा हा वियोग चार वर्षांहून अधिक काळ टिकला. टिळकांनी धीर सोडला नाही. पत्रे पाठवून, गाठीभेटी घेऊन त्यांनी तुटू पाहणारे नाते जपले. लक्ष्मीबाई नांदायला आल्या, त्या आपले सोवळेओवळे सांभाळूनच. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. कालांतराने जातिभेद माणसांनीच निर्माण केला आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले. 1900 मध्ये त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. परिवर्तन लादायचे नसते, ते आतून उमलावे लागते, हे या प्रसंगातून दिसून येते.

टिळकांचे प्रमुख कार्यक्षेत्र अहमदनगर हे होते. हेच आजचे अहिल्यानगर होय. तेथे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात अध्यापन करताना आणि खेडोपाडी हिंडताना एक गोष्ट त्यांना प्रकर्षाने जाणवली. ख्रिस्ती झालेली माणसे आपल्याच गावात परकी ठरत होती. प्रार्थनामंदिरात गायिली जाणारी बरीचशी गीते इंग्रजीतून भाषांतरित केलेली असत आणि त्यांच्या चालीही पाश्चात्त्य असत. शेजाऱ्यांना त्या उपासनेत आपलेपणा वाटत नसे. हा दुरावा कमी करायचा, तर उपासनेची भाषा लोकांच्या जिव्हाळ्याची असली पाहिजे, असे टिळकांनी ओळखले.

ज्ञानेश्वर, तुकाराम आदी संतांच्या वाङ्मयाचा त्यांचा गाढ अभ्यास होता. तुकोबांच्या अभंगवाणीनेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचवले, अशी त्यांची श्रद्धा होती. साहजिकच त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन या मराठी मनाला परिचित असलेल्या रूपांचा अवलंब केला. टाळ-मृदंगाच्या साथीने म्हटली जाणारी भजने निरक्षर माणसालाही सहज पाठ होत. गावातील इतर लोकही ती ऐकत. मराठी ख्रिस्ती मंडळीत त्यांची गीते आजही भक्तिभावाने गायिली जातात.

1904 मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि ते ‘रेव्हरंड’ झाले. 1842 साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी 1912 पासून अखेरपर्यंत केले. त्यांचे घर सर्वांसाठी खुले होते. पोरक्या मुलांना तेथे आसरा मिळे. 1907 मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण त्यांच्या दृष्टीस पडला. त्याची प्रतिभा हेरून टिळकांनी त्याला आपल्या घरी आणले आणि पुत्रवत सांभाळले. हाच तरुण ‘बालकवी’ या नावाने अजरामर झाला. बालकवी हिंदूच राहिले. टिळक दांपत्याच्या मायेला त्यामुळे कधी बाध आला नाही.

येथील मंडळी कायम परदेशी मिशनच्या पैशावर अवलंबून राहावी, हे टिळकांना मान्य नव्हते. पगारी धर्मोपदेशकाविषयी लोकांच्या मनात आपुलकी निर्माण होणे कठीण, असे त्यांचे मत होते. 1917 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ ही चळवळ सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिच्यात बंधुभावाने एकत्र यावेत, हा तिचा हेतू होता. या हेतूमागे त्यांच्या स्वतःच्या वियोगाचा अनुभव होता. ख्रिस्ताला मानणाऱ्या माणसाला आपले घर व समाज यांच्याशी असलेले नाते तोडावे लागू नये, ही त्यांची तळमळ होती. दुर्दैवाने या कार्यासाठी त्यांना फार थोडा अवधी मिळाला. 9 मे 1919 रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

येशूचे चरित्र मराठीत ओवीबद्ध करण्याचा ‘ख्रिस्तायन’ हा त्यांचा संकल्प सुरुवातीच्या काही अध्यायांनंतर अपुरा राहिला होता. पुढे लक्ष्मीबाईंनीच तो नेटाने पुढे नेला. एके काळी पतीच्या धर्मांतराने खचून गेलेल्या या स्त्रीने त्याच्याच श्रद्धेचे महाकाव्य लिहावे आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून त्याचे गुणदोषांसह मनोहर दर्शन घडवावे, ही टिळकांच्या माणसे जोडण्याच्या व्रताची मोठीच फलश्रुती म्हटली पाहिजे.