पहिल्या क्रमांकावाचूनचा गवई

बडोद्याच्या जुन्या घरांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना कलावंताची योग्यता मोजण्याचे एक माप घरीच मिळालेले असते. दरबारच्या कलावंत कारखान्यात कोणाला किती तनखा होता, हे ते माप. मीही त्याच वळणाचा. म्हणून नातवाने बॉब मार्ली या जमैकाच्या गायकाची ध्वनिमुद्रिका लावली, तेव्हा मी सवयीने विचारले, की हा गृहस्थ कितव्या क्रमांकाचा? उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मार्लीचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी नाइन माइल या खेड्यात झाला. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय. वडिलांचा सहवास त्याला जवळजवळ लाभलाच नाही. पुढे मायलेक किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या दरिद्री वस्तीत आले. तेथे जो हिग्ज नावाचा गायक आपल्या अंगणात पोरांना फुकट गाणे शिकवी. पोटासाठी मार्ली वेल्डिंगच्या दुकानात राबे. डेस्मंड डेकर हा दुसरा गाणारा पोरगाही तेथेच कामाला होता. १९६२ साली मार्लीची पहिली तबकडी निघाली, पण ती चालली नाही. १९६४ साली पीटर टॉश व बनी वेलर या सोबत्यांसह गाइलेले ‘सिमर डाउन’ जमैकात अग्रस्थानी पोहोचले; तरी पैसा मुद्रण करणाऱ्या धन्याच्या पेटीत राहिला आणि १९६६ साली मार्लीला अमेरिकेत आईकडे जाऊन मजुरी करावी लागली.

१९६९ साली डेकरचे ‘इस्रायलाइट्स’ ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिले आले. दुकानातला सोबती शिखरावर, आणि मार्लीला जमैकाबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते! १९७३ साली ख्रिस ब्लॅकवेलच्या कंपनीने त्याची ‘कॅच अ फायर’ काढली, तेव्हा त्याला जगाचे दार उघडले. १९७४ साली त्याचेच एक गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, पण ते एरिक क्लॅप्टनच्या आवाजात. त्याच्या स्वतःच्या आवाजातले एकच गाणे त्याच्या हयातीत अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत आले, तेही ५१ व्या जागी. ब्रिटनमध्ये हयातीतली त्याची कमाल मजल पाचव्या क्रमांकापर्यंत, १९८० साली.

मग यश म्हणायचे ते कोठे? १९७७ ची ‘एक्झोडस’ ब्रिटनच्या यादीत ५६ आठवडे टिकली. घाईने शिखर गाठून घाईने उतरणारा हा गायक नव्हता. डिसेंबर १९७६ मध्ये घरात शिरलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्याला जखमी केले. दोनच दिवसांनी तो किंग्स्टनच्या जाहीर जलशात उभा राहिला. एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात तो पदरचा पैसा घालून सामानसुमानासह गायला गेला. त्या खर्चाची नोंद कोणत्या यादीत होणार?

पायाच्या अंगठ्याचा कर्करोग १९७७ साली लक्षात आला होता. अंगठा कापण्यास त्याने नकार दिला, रोग पसरला आणि ११ मे १९८१ रोजी मायामी येथे वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. मृत्युपत्र नव्हते, मिळकतीचे तंटे पुढे वर्षानुवर्षे चालले. १९८४ साली निवडक गीतांची ‘लेजंड’ निघाली. ती ब्रिटनमध्ये १२ आठवडे पहिली राहिली आणि जगभर तिच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. ज्याच्यासाठी हे सारे, तो ते पाहायला नव्हता.

आपल्याकडे सारे वजन समेवर पडते. रेगेच्या एका प्रसिद्ध ठेक्यात मात्र ढोल पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि तिसरीवर पडतो. प्रथम ऐकताना माझा हात मांडीवर चुकतच राहिला. दुसऱ्या दिवशी नातवाने विचारले, आजोबा, मग कितवा ठरला? मी सांगितले, की ते राहू दे, तबकडी पुन्हा लाव; अजून हात बसायचा आहे.