नऊ एकांचा वर्ग आणि देवळालीचे कापरेकर

एक हा अंक ओळीने नऊ वेळा लिहावा आणि त्या संख्येचा वर्ग करावा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढणारी आणि तितक्याच शिस्तीने उतरणारी ही सतरा अंकी संख्या ‘डेम्लो संख्यां’पैकी एक. या संख्यांचा अभ्यास करून त्यांना नाव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीतील शाळाशिक्षक होते.

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे जन्मलेल्या कापरेकरांचे मातृछत्र वयाच्या आठव्या वर्षी हरपले. कारकुनी करणाऱ्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांच्याकडूनच मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत अध्यापन करीत राहिले.

‘डेम्लो’ हे आजच्या डोंबिवली स्थानकाचे तेव्हाचे नाव. या संख्यांची कल्पना तेथेच सुचल्याने कापरेकरांनी ते नाव त्यांना दिले. वरील संख्येचे रहस्य साध्या गुणाकारात दडले आहे. नऊ ओळी एकेक घर सरकवून मांडल्या, की कोणत्याही स्तंभाची बेरीज नवाच्या पुढे जात नाही. हातचा येतच नाही. दहा एक घेताच मधल्या स्तंभात हातचा शिरतो, जिना मोडतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ हे उत्तर मिळते. नऊ एकांच्या वर्गातील अंकांची बेरीज ८१ होते आणि त्या संख्येला ८१ ने निःशेष भागही जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिले.

मात्र देशातील अनेक गणितज्ञांना हा निव्वळ अंकांचा खेळ वाटे. कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठाचे पाठबळ नव्हते. तरीही १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि तीच कृती पुन्हा करीत जावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते.

निवृत्तिवेतन अपुरे पडल्याने उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला, आणि जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. ६१७४ आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो आणि तो पडताळून पाहण्यास शाळकरी मुलाची पाटीही पुरते.