पुस्तकातल्या एका विधानावर विद्यार्थ्याला शंका आली, म्हणून आज वायर न तोडता डीसी करंट मोजता येतो

स्वस्तातला क्लॅम्प मीटर घेणाऱ्या अनेकांची एकच फजिती होते. मीटर घरी येतो, सोलर पॅनलच्या किंवा गाडीच्या बॅटरीच्या वायरला अडकवला जातो आणि स्क्रीनवर दिसतं शून्य.

मीटर बिघडलेला नसतो. तो फक्त एसी करंट मोजणारा असतो. डीसी करंट मोजायचा तर मीटरच्या जबड्यात एक बारीकसा सेन्सर लागतो. त्याला म्हणतात हॉल सेन्सर.

हा हॉल म्हणजे लग्नाचा हॉल नव्हे. हे एका माणसाचं आडनाव आहे. एडविन हर्बर्ट हॉल.

हॉल यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1855 रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात गोरहॅम इथे झाला. 1875 मध्ये बोडन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि दोन वर्षं त्यांनी शाळांमध्ये काम केलं. पण विज्ञानाची ओढ होती. 1877 मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला आले. विद्यापीठ नवं होतं, सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं. तिथे त्यांचे गुरू होते हेन्री रोलँड.

वीज आणि चुंबकत्वाच्या विषयात तेव्हा जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. त्यांचा ग्रंथ वाचताना हॉल एका ठिकाणी अडखळले. चुंबकाजवळच्या वायरवर जे बल लागतं ते वायरच्या धातूवर लागतं, आतून वाहणाऱ्या करंटवर नाही, असं मॅक्सवेल यांचं म्हणणं होतं. हॉल यांना ते पटेना. वायरमधून करंट जात नसेल तर चुंबक तिला ढकलत नाही. मग बल करंटवरच लागत असणार ना?

थोड्याच दिवसांत त्यांच्या वाचनात स्वीडनच्या एरिक एडलंड यांचा लेख आला. त्यात मॅक्सवेलच्या अगदी उलट गृहीत धरलेलं होतं. दोन मोठी माणसं, दोन वेगळी मतं. हॉल थेट रोलँड यांच्याकडे गेले. रोलँड यांनाही मॅक्सवेलच्या विधानाबद्दल शंका होती. त्यांनी पूर्वी घाईघाईत एक प्रयोगही करून पाहिला होता, पण हाती काही लागलं नव्हतं.

हॉल यांनी आधी जर्मन सिल्व्हरच्या तारेचं वेटोळं चुंबकात ठेवलं. करंट एका बाजूला ढकलला गेला तर तारेचा रोध वाढेल, असा हिशोब होता. रोध वाढला नाही. मग त्यांनी रोलँड यांचा जुना प्रयोग केला. तोही फसला. शेवटी रोलँड यांच्या सल्ल्याने जाड धातूऐवजी काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख वापरला.

28 ऑक्टोबर 1879. वर्खातून लांबीच्या दिशेने करंट सोडला, वरून चुंबकीय क्षेत्र लावलं आणि वर्खाच्या दोन आडव्या कडांना गॅल्व्हानोमीटर जोडला. काटा हलला! चुंबक करंटलाच एका कडेकडे ढकलत होता आणि त्यामुळे दोन कडांमध्ये अगदी थोडं व्होल्टेज तयार होत होतं. यालाच आज हॉल इफेक्ट म्हणतात.

वय होतं अवघं 23. मॅक्सवेल यांना हे कधी कळलंच नाही. काही दिवसांतच, 5 नोव्हेंबरला, त्यांचं इंग्लंडमध्ये निधन झालं. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी मात्र या शोधाची तुलना फॅरडेच्या कामाशी केली. विशेष म्हणजे इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून 18 वर्षं होती. वायरमधून नेमकं काय वाहतं, हेच जगाला माहीत नव्हतं.

1880 मध्ये हॉल यांना डॉक्टरेट मिळाली. 1881 पासून त्यांनी हार्वर्डमध्ये शिकवलं, 1895 मध्ये प्राध्यापक झाले आणि 1921 मध्ये निवृत्त झाले. शाळेतल्या मुलांनी विज्ञान पाठ न करता स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत, म्हणून त्यांनी प्रयोगांची यादी तयार केली. 20 नोव्हेंबर 1938 रोजी त्यांचं निधन झालं.

तोवर हा शोध प्रयोगशाळेतच होता, कारण धातूमध्ये हे व्होल्टेज फारच कमी मिळतं. 1950 च्या दशकात चांगले सेमीकंडक्टर आले आणि हॉल सेन्सर कामाला लागला.

आता पुन्हा क्लॅम्प मीटरकडे. एसी करंट सतत दिशा बदलतो, त्यामुळे जबड्यातली कॉइल ट्रान्सफॉर्मरसारखी काम करते आणि सेन्सरशिवाय भागतं. डीसीचं चुंबकीय क्षेत्र स्थिर असतं, कॉइलला ते कळतच नाही. तिथे हॉल सेन्सर लागतो. तो करंटची दिशाही ओळखतो, म्हणून बॅटरी चार्ज होतेय की रिकामी होतेय हे अधिक-उणे चिन्हावरून समजतं.

म्हणून कमी बजेटमध्ये मीटर घेताना एवढं बघा:

– डायलवर A च्या शेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ हवी. हे चिन्ह फक्त V जवळ असेल तर तो मीटर डीसी व्होल्टेज मोजेल, डीसी करंट नाही.

– झीरो बटण हवंच. जबड्यात थोडं चुंबकत्व उरतं, म्हणून दर वेळी वायर अडकवण्याआधी आकडा शून्यावर आणावा लागतो.

– रेंज कामाप्रमाणे घ्या. उभ्या गाडीची बॅटरी कशामुळे उतरतेय हे शोधायचं तर काही मिलिअँपियर दिसायला हवेत. तिथे 600 अँपियरची मोठी रेंज कामाची नाही.

– जबड्यात एकच वायर घ्या. प्लस आणि मायनस दोन्ही घेतल्या तर चांगला मीटरही शून्यच दाखवेल.

– करंट फार कमी असेल तर वायरचे पाच वेढे जबड्यातून फिरवा आणि आलेल्या आकड्याला पाचने भागा.

पैसे देण्याआधी डायलवरची ती रेघ तेवढी तपासा. ती नसेल, तर त्या मीटरमध्ये एडविन हॉलही नाहीत.